शेवटच्या तिघांसाठी राखून ठेवलेला माणूस

अमेरिकी बेसबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या छोट्या गावात आहे. तिथे कोणाचा फलक लागावा, हे वर्षानुवर्षं बेसबॉलचं वार्तांकन केलेले पत्रकार मुख्यतः मतदानाने ठरवतात. पंचाहत्तर टक्के मतं मिळाली की प्रवेश मिळतो. पहिलं मतदान १९३६ साली झालं, आणि त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षं एकमताने कोणीही निवडून आलं नाही. बेब रूथला काहींनी मत दिलं नाही, विली मेजला दिलं नाही, हँक आरनलाही दिलं नाही. २०१६ मध्ये केन ग्रिफी ज्युनिअरचं एकमत अवघ्या तीन मतांनी हुकलं. मग जानेवारी २०१९ मध्ये ४२५ मतपत्रिका मोजल्या गेल्या आणि त्यातल्या ४२५ मतपत्रिकांवर मारियानो रिवेरा हे नाव सापडलं.

नवल असं, की हा गडी बहुतेक सामन्यांत फक्त शेवटचा डाव टाकायला यायचा. एकोणीस हंगामांत त्याने सगळे मिळून जेमतेम १२८३ डाव टाकले. सामन्याची सुरुवात करणारा दणकट पिचर तेवढे डाव साडेसहा-सात वर्षांत टाकून मोकळा होतो. नुसत्या कामाच्या मापाने पाहिलं, तर रिवेराच्या मागे-पुढे कूपर्सटाउनमध्ये फलक लागलेले बहुतेक पिचर त्याच्यापेक्षा दुपटी-तिपटीने राबलेले आहेत. तरीही एरवी एकमेकांशी कशावरही न पटणाऱ्या पत्रकारांचं त्याच्या बाबतीत पटलं. हे कसं झालं, हे कळायचं तर ‘रिलीफ पिचर’ म्हणजे मधे किंवा शेवटी येऊन गोलंदाजी हाती घेणारा खेळाडू काय करतो, हे आधी पाहायला हवं.

बेसबॉलमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने नऊ-नऊ डाव खेळतात. तीन गडी बाद झाले की डाव संपतो. पिचर मातीच्या बुटक्या उंचवट्यावरून साधारण साडेअठरा मीटरवरच्या बॅटरकडे चेंडू फेकतो. कोपर वाकवायला मुभा असते आणि चेंडूला टप्पा पडत नाही. यातला एक नियम आपल्या प्रेक्षकाला चमत्कारिक वाटेल. क्रिकेटमध्ये कर्णधार बुमराला दोन षटकं देऊन बाजूला ठेवतो आणि शेवटी पुन्हा चेंडू त्याच्या हातात देतो. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे पिचर बदलायचा निर्णय म्हणजे मागे न घेता येणारी खेळी. आता काढावं की आणखी एक बॅटर बघावा, या एका प्रश्नावर मॅनेजर लोकांच्या नोकऱ्या टिकतात किंवा जातात.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडतच नव्हता. १९०४ साली जॅक चेस्ब्रो नावाच्या पिचरने ५१ सामने सुरू केले आणि त्यातले ४८ स्वतःच संपवले. सुरू केलेलं काम शेवटाला नेणं हाच तेव्हा पिचरचा धर्म. मधे दुसऱ्याला बोलावणं म्हणजे पहिल्याची हार. साहजिकच जो बोलावला जाई तोही दुय्यम दर्जाचाच असे: ज्याला सुरुवातीला उतरवण्याइतका भरवसा नाही, किंवा ज्याचं वय झालंय, किंवा ज्याच्या भात्यात सहा-सात डाव पुरतील इतके प्रकार नाहीत असा. मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाच्या कोपऱ्यात ही मंडळी बसलेली असत. आज तीस संघांच्या लीगमध्ये हंगामाला २४३० सामने होतात आणि त्यात एकट्याने पूर्ण टाकलेले सामने अलीकडच्या वर्षांत तीस-पस्तीसच्या आसपास निघतात. चेस्ब्रोने एकट्याने एका वर्षात जेवढे सामने संपवले, तेवढे आता अख्खी लीग मिळून संपवत नाही.

हा बदल नुसत्या दमण्याने झालेला नाही. नऊ जणांची फळी एकापाठोपाठ एक खेळायला येते. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जाणारा बॅटर त्याचा हात कुठून सुटतो, कोणता चेंडू किती वळतो, हे सगळं पाहून आलेला असतो. आकडे काटेकोरपणे तपासले जाऊ लागले, तसं लक्षात आलं की तिसऱ्या फेरीत चांगले चांगले पिचरही महाग पडतात. म्हणून सहाव्या-सातव्या डावात नवा, ताजा आणि अनोळखी हात आणायचा. त्याला पंधरा-वीस चेंडूच टाकायचे असल्याने राखून टाकायची गरज नसते. प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने.

पण या कामाला मान मिळवून दिला तो एका पत्रकाराने. शिकागोचा जेरोम होल्ट्झमन १९५९ साली पिट्सबर्गच्या एलरॉय फेस या रिलीफ पिचरचे आकडे पाहून चक्रावला. फेसने त्या वर्षी १८ सामने जिंकले आणि एकच हरला. बारकाईने पाहिल्यावर दिसलं की यातल्या काही सामन्यांत फेसने हातातली आघाडी घालवली होती. पुढे त्याच्याच संघाने धावा काढून सामना खेचला आणि नियमाप्रमाणे विजय फेसच्या नावावर लागला. म्हणजे काम बिघडवलं तरी श्रेय त्याचंच. आणि आघाडी नीट सांभाळून देणाऱ्याच्या नावावर मात्र काहीच नाही. होल्ट्झमनने यावर ‘सेव्ह’ नावाचं माप काढलं. १९६९ पासून ते अधिकृत आकडेवारीत आलं. आजचा नियम साधारण असा: संघ तीन किंवा कमी धावांनी पुढे असताना यायचं, निदान एक डाव टाकायचा आणि आघाडी न गमावता सामना संपवायचा. आघाडी याहून नाजूक असेल किंवा पिचर तीन डाव टाकत असेल, तर वेगळी कलमं लागू होतात.

माप आलं की माणसं मापासाठी काम करू लागतात. सत्तरच्या दशकात रॉली फिंगर्स किंवा गूस गॉसेजसारखे रिलीफ पिचर गरज पडेल तेव्हा, कधी सातव्या डावातही येत आणि दोन-तीन डाव टाकून सामना संपवत. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या माइक मार्शलने तर एका हंगामात १०६ सामन्यांत २०८ डाव टाकले. हा विक्रम आजवर कोणाला शिवता आलेला नाही. पुढे ओकलंड ॲथलेटिक्सचा मॅनेजर टोनी ला रूसाने कामाची वाटणी केली. त्याच्याकडे डेनिस एकर्सली होता. एकेकाळचा नामांकित सुरुवातीचा पिचर, दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला, तिशी ओलांडलेला. ला रूसाने त्याला सांगितलं ते थोडक्यात असं: तू फक्त नववा डाव बघ, तोही आपण पुढे असू तेव्हा. १९८८ मध्ये एकर्सलीने ४५ सेव्ह नोंदवले. १९९० मध्ये ७३ डावांत त्याने चुकीचे चेंडू टाकून फक्त चौघांना फुकट बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, दिला. १९९२ मध्ये लीगचा सर्वोत्तम पिचर आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब त्यालाच मिळाले. सगळ्या संघांनी ही पद्धत उचलली आणि ‘क्लोजर’ ही नोकरी जन्माला आली.

या नोकरीचा स्वभावही एकर्सलीच्याच वाट्याला आलेल्या एका चेंडूत दिसला होता. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, पहिला सामना, दोन बाद, ओकलंड एका धावेने पुढे. दोन्ही पायांनी लंगडत आलेल्या कर्क गिब्सनने त्याला होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका, मारला आणि सामना तिथेच संपला. वर्षभराचे ४५ सेव्ह आज जाणकारांनाच आठवतात. तो होम रन मात्र अमेरिकेत अजून टीव्हीवर दाखवतात.

रिवेरा या जगात आला तो जवळजवळ चुकून. त्याचा जन्म २९ नोव्हेंबर १९६९ चा, पनामामधला. पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या वस्तीत तो वाढला. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान. ओहोटी लागली की मुलं किनाऱ्यावर खेळत. दुधाच्या खोक्यांचे हातमोजे, झाडाच्या फांद्यांच्या बॅटी, जुन्या जाळ्याचे तुकडे गुंडाळून वर चिकटपट्टी मारलेला चेंडू. शाळा सुटल्यावर मारियानो वडिलांच्या बोटीवर जाळी ओढू लागला. एकोणिसाव्या वर्षी ती बोट भर समुद्रात उलटली आणि लोक कसेबसे वाचले. मासेमारी आपल्याच्याने होणार नाही, हे त्याला तेव्हा पुरतं कळलं.

बेसबॉल तो स्थानिक संघातून खेळत असे, पण पिचर म्हणून नव्हे. एका सामन्यात संघाच्या पिचरला भरपूर मार पडत होता, तेव्हा हा म्हणाला, मी टाकून बघतो. टाकलं ते इतकं अचूक, की सोबत्यांनीच न्यूयॉर्क यँकीज संघाच्या माणसांच्या कानावर घातलं. यँकीजचा हर्ब रेबर्न पाहायला आला. या पोराला त्याने आधी क्षेत्ररक्षक म्हणून पाहिलं होतं आणि नापास केलं होतं. आता त्याला दिसला एक किडकिडीत तरुण. वेग बेताचा, पण हाताची हालचाल लोण्यासारखी आणि चेंडू पाहिजे तिथेच. फेब्रुवारी १९९० मध्ये दोन-तीन हजार डॉलरांवर करार झाला. इंग्रजीचा गंध नसलेला वीस वर्षांचा तरुण फ्लोरिडातल्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये दाखल झाला. पहिल्याच हंगामात त्याने ५२ डाव टाकले आणि क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळता नऊ डावांमागे त्याच्याविरुद्ध झालेल्या धावांची सरासरी पडली ०.१७.

तरी पुढची पाच वर्षं अवघडच गेली. १९९२ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षाअखेर लीगमध्ये दोन नवे संघ येणार होते आणि त्यांना जुन्या संघांनी ‘राखून न ठेवलेले’ खेळाडू घेता येणार होते. यँकीजने रिवेराला राखलं नाही. नव्या दोन्ही संघांनीही त्याला उचललं नाही. मे १९९५ मध्ये तो मोठ्या लीगमध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला. साडेतीन डावही पूर्ण झाले नाहीत तोवर पाच धावा निघाल्या आणि संघ १०-० हरला. काही सामन्यांनी त्याची पुन्हा खालच्या लीगमध्ये रवानगी झाली. त्याला देऊन दुसऱ्या संघाकडून एखादा नावाजलेला पिचर घ्यावा, अशी बोलणीही सुरू होती. तेवढ्यात खालून बातमी आली, की त्याचा वेग एकाएकी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वाढलाय. यंत्र बिघडलं नाही ना, याची यँकीजने आधी खातरजमा केली आणि मगच सौद्याचा विषय बंद केला.

१९९६ मध्ये त्याला बुलपेनमध्ये बसवलं. तेव्हा यँकीजचा क्लोजर होता जॉन वेटलँड. रिवेरा सातवा आणि आठवा डाव टाकायचा आणि वेटलँड नववा. त्या वर्षी यँकीज अठरा वर्षांनी विजेते झाले. वेटलँडला संघाने जाऊ दिलं आणि नववा डाव रिवेराकडे आला. १९९७ च्या सुरुवातीला पहिल्या सहा संधींपैकी तीन त्याने घालवल्या. मॅनेजर जो टोरीने त्याला समजावलं, की तुला वेटलँड व्हायचं नाही, रिवेराच राहायचं आहे.

त्याच जूनमध्ये, सामन्याआधी सहकारी पिचर रामिरो मेंडोझाबरोबर चेंडूची नुसती देवघेव चालू असताना, रिवेराने सरळ टाकलेला चेंडू शेवटच्या क्षणी बाजूला सरकू लागला. मेंडोझाला तो नीट झेलता येईना. रिवेराने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. सुरुवातीला त्याला आणि प्रशिक्षकांना हा दोषच वाटला. चेंडू सरळ जावा म्हणून काही आठवडे खटपट केली, पण तो काही सरळ जाईना. शेवटी त्यांनी नाद सोडला. पुढची सोळा वर्षं रिवेराने प्रामुख्याने हाच एक चेंडू टाकला. त्याला ‘कटर’ म्हणतात.

एकाच चेंडूवर सोळा वर्षं कशी निभली, यात विज्ञान आहे. वेगाने टाकलेला सरळ चेंडू उलट्या दिशेने फिरत जातो. त्यामुळे त्याच्या खालच्या आणि वरच्या बाजूच्या हवेत फरक पडून तो गुरुत्वाकर्षणाला थोडा विरोध करतो आणि अपेक्षेपेक्षा कमी पडतो. बोटांचा दाब किंचित बदलला, की फिरण्याचा अक्ष थोडा तिरका होतो आणि वर उचलणाऱ्या जोरातला काही भाग बाजूला वळतो. रिवेराचा अक्ष इतका थोडा तिरका असे, की त्याचा सरळ चेंडू आणि कटर हातातून सुटताना बॅटरला सारखेच दिसत. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चेंडू पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. बॅट फिरवायची की नाही, कुठे फिरवायची, हे बॅटरला त्याच्या निम्म्या वेळात ठरवावं लागतं. ठरवून झाल्यावर चेंडू काही इंच सरकलेला असतो. उजव्या हाताच्या रिवेराचा कटर डावखुऱ्या बॅटरच्या मुठीकडे घुसायचा. बॅटच्या जाड भागाऐवजी तो लागायचा बारीक दांड्यावर, आणि बॅट मोडायची. १९९९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये अटलांटाच्या रायन क्लेस्कोने एकाच खेपेला तीन बॅटी मोडून घेतल्या. समोर त्याचे स्वतःचे सहकारी हसत होते. २०१३ मध्ये मिनेसोटा संघाने निवृत्त होणाऱ्या रिवेराला मोडक्या बॅटींची बनवलेली झुलती खुर्ची भेट दिली.

बॅटरला काय येणार हे माहीत असायचं. तरी खेळता यायचं नाही. यामागे आणखी एक कारण होतं: अचूकपणा. एकच चेंडू, पण डाव्या कडेला, उजव्या कडेला, उंच, खाली. आणि दर वेळी हात त्याच कोनातून, पाय त्याच जागी, चेहरा तसाच. कमी प्रकारांचा पिचर सहा-सात डाव टाकू लागला, तर तिसऱ्या फेरीत पकडला जातो. शेवटच्या तिघांना एकदाच सामोरं जायचं असेल, तर हा धोका राहत नाही. ज्या त्रुटीमुळे माणसं बुलपेनमध्ये टाकली जात, तीच तिथे निरुपद्रवी ठरते.

पण बुलपेनचा खरा त्रास वेगळाच असतो. हंगामात १६२ सामने, सहा महिने, जवळजवळ रोज. सुरुवातीच्या पिचरला पाच दिवसांतून एकदा खेळायचं असतं आणि तो दिवस त्याला आधीपासून माहीत असतो. रिलीफ पिचरला आज खेळायचंय की नाही, हे सामना निम्म्यावर येईपर्यंत कळत नाही. फोन वाजतो, तो उठून चेंडू टाकू लागतो, खांदा मोकळा होतो, आणि तेवढ्यात संघाला तीन धावा मिळतात. मग “बस खाली.” हे फेकलेले वीस-पंचवीस चेंडू कोणत्याच नोंदीत येत नाहीत, पण कोपर आणि खांदा त्यांचा हिशेब ठेवतात. सलग तीन दिवस फोन वाजला, तर तिन्ही दिवस तयार असावं लागतं.

सगळेच क्लोजर नसतात. संघाच्या २६ जणांत फार तर तेरा पिचर ठेवता येतात, आणि त्यातले सात-आठ बुलपेनमध्ये बसतात. त्यातल्या खालच्या दोन-तीन जागा सतत फिरत्या असतात. काल दोन डाव टाकून थकलेल्याला आज खालच्या लीगमध्ये धाडायचं आणि तिथला ताजा हात वर आणायचा. ही ये-जा इतकी वाढली, की २०२२ च्या करारात एका खेळाडूला हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घालावी लागली. पैशाचा फरकही डोळ्यांत भरणारा आहे. २०२३ मध्ये मोठ्या लीगमधलं किमान वार्षिक वेतन ७,२०,००० डॉलर होतं. त्याच्या लगेच खालच्या पायरीवर ते ३५,८०० डॉलर होतं. आणि हा खालचा आकडाही खेळाडूंची संघटना झाल्यावर वाढवून मिळालेला. वरच्या टोकाला तेव्हा न्यूयॉर्क मेट्सचा एडविन डियाझ होता. २०२२ अखेर त्याला पाच वर्षांसाठी १० कोटी २० लाख डॉलरांचा करार मिळाला.

या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर एक भारतीयही चढून गेला आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला भालाफेकपटू रिंकू सिंग याने २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा जिंकली. बेसबॉल म्हणजे काय हे माहीत नसताना त्याला आणि दिनेश पटेलला अमेरिकेत नेण्यात आलं आणि पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. डावखुरा रिंकू रिलीफ पिचर म्हणून काही हंगाम खालच्या लीगमध्ये टिकला. मग दुखापतींनी गाठलं. पुढे तो कुस्तीच्या करमणूक-आखाड्यात गेला. त्याच्यावर हॉलिवूडने चित्रपट काढला म्हणून आपल्याला त्याचं नाव माहीत आहे. अशा दुखापतींत संपलेल्या शेकडो कारकिर्दी कोणाला ठाऊकही नसतात.

जे वर पोचतात त्यांचीही खात्री नाही. ह्यूस्टनचा ब्रॅड लिज हा त्याच्या काळातला एक भेदक क्लोजर. २००५ मध्ये निर्णायक क्षणी अल्बर्ट पुहोल्सने त्याला प्रचंड होम रन मारला आणि पुढचं वर्ष त्याचं खराब गेलं. २००८ मध्ये फिलाडेल्फियाकडून त्याने बाद फेरीसह सगळ्या ४८ संधी साधल्या आणि संघ जगज्जेता झाला. लगेच पुढच्या हंगामात अकरा संधी घालवल्या आणि त्याची सरासरी ७.२१ वर गेली. माणूस तोच, चेंडूही बहुतांशी तेच. वर्षाला साठ-सत्तर डावच टाकायचे असतात, तेव्हा चार वाईट संध्याकाळी अख्खा हंगाम काळवंडून टाकतात. फलंदाज दहात सातदा चुकला तरी मोठा म्हणवतो. क्लोजर दहात दोनदा चुकला, तर वर्तमानपत्रं त्याची जागा कोणाला द्यावी हे लिहू लागतात.

२००१ ची वर्ल्ड सिरीज या व्यवसायाचा धडा म्हणून वाचावी. ॲरिझोनाचा क्लोजर होता दक्षिण कोरियाचा बावीस वर्षांचा ब्युंग-ह्युन किम. चौथ्या सामन्यात दोन बाद असताना त्याच्या चेंडूवर बरोबरी करणारा होम रन बसला आणि पुढच्या डावात विजयाचाही. दुसऱ्याच रात्री त्याला पुन्हा आणलं गेलं. पुन्हा नववा डाव, पुन्हा दोन बाद, पुन्हा होम रन. तो उंचवट्यावर खाली वाकून बसला आणि सहकाऱ्यांनी येऊन त्याला धरलं. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. यँकीज एका धावेने पुढे, नववा डाव, आणि चेंडू रिवेराच्या हातात. बाद फेरीत त्याने लागोपाठ २३ सेव्ह केलेले होते. मग एक फटका, एक त्याचीच चुकीची फेक, बरोबरी. शेवटी लुईस गोन्झालेझ आला. रिवेराचा कटर नेहमीसारखाच मुठीत घुसला आणि बॅटही नेहमीसारखीच पिचकली. एरवी असा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात अलगद गेला असता. पण विजयी धाव रोखण्यासाठी क्षेत्ररक्षक पुढे आणलेले होते. चेंडू त्यांच्या डोक्यावरून जेमतेम पलीकडे गवतावर पडला. काम बरोबर झालं आणि सामना गेला. त्या रात्री किम एकही चेंडू न टाकता विजेता ठरला.

यातून सावरायचं कसं, हे रिवेराला १९९७ पासून माहीत होतं. त्या वर्षी क्लीव्हलँडच्या सँडी अलोमारने मारलेल्या होम रनमुळे त्याच्या हातून सामना निसटला होता आणि त्या मालिकेत यँकीज बाहेर गेले होते. पुढची दोन्ही वर्षं त्याने बाद फेरीत एकही धाव दिली नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये पनामातल्या त्याच्या घरी पोहण्याच्या तलावात विजेचा धक्का बसून दोन नातेवाईक दगावले. अंत्यविधी आटोपून तो विमानाने न्यूयॉर्कला आला आणि त्याच रात्री बोस्टनविरुद्ध सामना संपवून दिला. त्याच मालिकेच्या चौथ्या सामन्यात मात्र डेव्ह रॉबर्ट्सने एक बेस चोरला, पाठोपाठ एक फटका बसला आणि बोस्टनने बरोबरी साधली. तीन सामन्यांनी पिछाडीवर असलेलं बोस्टन तिथून मालिका जिंकलं आणि शेवटी १९१८ नंतरचं पहिलं जगज्जेतेपदही. पुढच्या एप्रिलमध्ये बोस्टनच्या मैदानावर रिवेराचं नाव पुकारलं, तेव्हा प्रेक्षकांनी खवचटपणे टाळ्यांचा गजर केला. त्याने हसून टोपी उंचावली. प्रतिस्पर्धी चाहत्यांनाही तो आवडू लागला, तो अशा प्रसंगांमुळे.

सप्टेंबर २०११ मध्ये त्याने ट्रेव्हर हॉफमनचा ६०१ सेव्हचा विक्रम मोडला. मे २०१२ मध्ये सरावाच्या वेळी उंच चेंडू झेलताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. बेचाळीस वर्षांच्या माणसाची कारकीर्द संपली, असं सगळ्यांनी धरलं. तो २०१३ मध्ये परतला, ४४ सेव्ह करून मगच थांबला. त्या वर्षी ज्या ज्या शहरात शेवटचा सामना असे, तिथल्या मैदानावरच्या तिकीटवाल्यांना, स्वयंपाक्यांना, माळ्यांना तो मुद्दाम बोलावून भेटे.

आता पत्रकारांच्या एकमताकडे वळू. ६५२ सेव्ह हा त्याचा विक्रम, पण ‘सेव्ह’ हे माप ढिलं आहे, हे सर्व जाणकार मानतात. तीन धावांची आघाडी आणि एकच डाव बाकी, अशा वेळी साधारण पिचरही बहुतेकदा सामना संपवतो. सामन्याचा खरा कस अनेकदा सातव्या डावात, तीन बेस भरलेले असताना लागतो आणि त्यातून सोडवणाऱ्याला सेव्ह मिळत नाही. रिवेराचं मोठेपण या मापावर उभं नाही. ते बाद फेरीतल्या १४१ डावांवर आहे. हे डाव सर्वांत बलाढ्य संघांविरुद्ध होते, आणि त्यांतले कित्येक एकाऐवजी दोन-दोन डावांच्या खेपांचे. क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे निघालेल्या धावा सोडल्या, तर त्यात त्याने ११ धावा दिल्या. चंद्रावर पाऊल ठेवलेली माणसं बारा आहेत; बाद फेरीत रिवेराच्या खात्यावर लागलेल्या अशा धावा त्याहून कमी. सामन्यातल्या प्रत्येक डावाचं वजन सारखं नसतं, आणि सगळ्यात जड डाव वर्षानुवर्षं एकाच माणसाने उचलले. १२८३ हा आकडा म्हणूनच लहान ठरत नाही.

दरम्यान त्याची नोकरी पुन्हा बदलू लागली आहे. २०१८ मध्ये टँपा बेने सर्जिओ रोमो या रिलीफ पिचरला पहिल्याच डावात उतरवलं आणि डावांचा क्रम उलटा केला. २०२० पासून नव्या पिचरने निदान तीन बॅटरांना किंवा डाव संपेपर्यंत टाकलंच पाहिजे, असा नियम आला, त्यामुळे एका बॅटरपुरते येणारे तज्ज्ञ संपले. बरेच मॅनेजर आता सर्वोत्तम हात नवव्या डावासाठी राखून न ठेवता, सामना जिथे अडेल तिथे वापरतात. बुलपेनमधून येणारे बरेच जण ताशी १५५ किलोमीटरच्या पुढे टाकतात आणि एकाचं कोपर गेलं की त्याच्याच वेगाचा दुसरा येतो. २०२४ च्या अखेरीस लीगने स्वतःच काढलेल्या अहवालात पिचरांच्या वाढत्या दुखापतींचं खापर याच ‘प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने’ वृत्तीवर फोडलं आहे. ही व्यवस्था हिशेबी आहे आणि सामने जिंकून देते. मात्र तिला एकच माणूस एकोणीस वर्षं लागत नाही. एकोणीस माणसं एकेक वर्ष चालतात. रिवेराचे ६५२ म्हणजे कौशल्याबरोबरच टिकाऊपणाचा विक्रम आहे. कौशल्य आजच्या बुलपेनमध्ये कदाचित तेव्हापेक्षा जास्तच असेल, पण टिकाऊपणा त्यांच्याकडे कोणी मागत नाही.